पुणे-कोल्हापूर, पण हवेतून

आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका भित्रा माणूस त्या काळी अख्ख्या अमेरिकेत नसावा. निदान मोंटानात तरी नव्हताच. गंमत म्हणजे ते भूल देणारे डॉक्टर. "रिलॅक्स, शंभरापासून उलटे आकडे मोजा," असं इतक्या गोड आवाजात सांगायचे की पेशंट नव्वदच्या आधीच घोरू लागे. स्वतः मात्र दर शुक्रवारी दुपारपासून घामाघूम. कारण वहिनी लहान मुलांच्या डॉक्टर, त्यांची नोकरी आमच्यासारख्याच दुसऱ्या आडगावात, आणि शुक्रवारी त्या नऊ सीटांच्या विमानाने घरी यायच्या. मी तिथल्या बिटाच्या साखर कारखान्यात इंजिनिअर. गावात मराठी बोलणारा दुसरा मीच, त्यामुळे ही भीती माझ्याही वाट्याला यायची.

अंतर विचारलं तर डॉक्टर मैल सांगत नसत. "पुणे-कोल्हापूर धर. ड्राइव्ह केलं तर तीन तास, विमानाने पाऊण. पण एसटी बंद पडली तर खाली उतरून चहा पिता येतो रे! इथे कुठे उतरणार?" तो पाऊण तास ते सपाता काढून घरभर अनवाणी फिरत, जणू त्यांच्या सपातांचं ओझं विमानाला होणार होतं. वहिनींनी फोनवर "जाते आता" म्हटलं की ओरडायचे, "येते म्हण!" "अहो, मी तुमच्याकडेच येतेय ना?" "तरी म्हण!" एकदा विमानाला उशीर झाला, तेव्हा त्यांनी पलीकडच्या विमानतळावर फोन लावला. काउंटरवरची बाई विमानाबद्दल म्हणाली, "शी इज गॉन, डॉक्टर." डॉक्टर मटकन खाली बसले. मी धावत गेलो तर एवढंच म्हणत होते, "गेली म्हणतेय रे... गेली." थोड्या वेळाने वहिनी दारात उभ्या! डॉक्टर आधी त्यांच्यावर खेकसले आणि मग बाथरूमचं दार लावून रडले.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत वहिनींचा फोन आला. त्यांचंच अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, दुपारी ऑपरेशन. "तुम्ही येऊ नका. रस्ता बंद आहे, आणि विमान तुम्हाला जमायचं नाही." बर्फाने रस्ता खरंच बंद होता. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले आणि मला म्हणाले, "चल." विमान उडालं, खालची पांढरी जमीन तिरकी झाली आणि त्यांनी माझं मनगट असं आवळलं की पुढे आठवडाभर वळ होते. खोटं कशाला बोलू, मीही टरकलो होतो. काहीच सुचेना तेव्हा म्हटलं, "डॉक्टर, शंभरापासून उलटे मोजा." ते मोजू लागले. एकावर आले की पुन्हा शंभर. झोप काही लागली नाही, पण कोल्हापूर आलं.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा वहिनींना ऑपरेशनसाठी आत नेतच होते. "तुम्ही? कसे आलात?"

"विमानाने," डॉक्टर म्हणाले. वहिनींचे डोळे भरून आले. स्ट्रेचर दारातून आत सरकताना त्यांनी मान वळवली आणि कुणी न सांगता म्हणाल्या, "येते हं."

त्या आल्याही. पुढे दोघांना एकाच गावात नोकरी मिळाली आणि मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला निघून आलो. आता माझी मुलगी गाडीची किल्ली उचलून "बाय बाबा, आय अ‍ॅम गोइंग" म्हणते. "येते म्हण," मी म्हणतो. "ओके बाबा, येते!" ती हसत निघते. मग ती परतेपर्यंत मी सपाता काढून घरभर फिरत राहतो.