त्या डॉक्टरला मी दिलेला एक स्टार

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, शाळेतल्या मैत्रिणींना तर बिलकुल न्हाई. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आष्टीत राहत न्हाई — तेवढाच काय तो भरवसा.

आमच्या घरात दवाखान्याचं खातं माझ्याकडं. मी पडले मास्तरीण. डॉक्टरला विचारायची मला लाज वाटत न्हाई. ही गोळी कशाला? ही तपासणी करायलाच पाहिजे का? खर्चा किती? पेशंट म्हणजे गिऱ्हाईक, गिऱ्हाइकानं विचारलंच पाहिजे — असं मी गल्लीभर सांगत फिरते. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, हे सगळं कौतुकानं ऐकायच्या.

मंग आईंचे गुडघे गेले. रोज सकाळी विहारात जाऊन येणारी बाई ओट्यावर बसून राहायला लागली. मी त्यांना नवीन जालन्यात दाखवायला नेलं. डॉक्टर भला माणूस. एक्स-रे बघून झाला, आई बाथरूमला गेल्त्या, तेवढ्यात त्यानं मला नीट समजावलं — ऑपरेशन केलं तर चांगल्या चालतील, तब्येत ठणठणीत आहे. पण त्यांना सगळं सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या.

माझंच बोलणं मला ऐकवलं की न्हाई?

पण — आता कसं सांगू — उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची काश्मीरची सहल ठरल्ती. नवरा न्हाई, लेकरं न्हाई, नुसत्या मैत्रिणी. जन्मात पहिल्यांदा! ऑपरेशन म्हणजे सुट्टीभर मी आईंच्या उशाशी. आई बाहेर आल्या. "काय म्हन्ला गं?" आणि मी सांगितलं — या वयात ऑपरेशन जमत न्हाई म्हणे.

"बरं," म्हणाल्या. एवढंच.

मी गेले काश्मीरला. बर्फात आपटले, हसून हसून पोट दुखलं. लई मजा आली — आणखी खोटं कशाला बोलू? आईंसाठी शाल आणली. आल्यावर खरं सांगीन म्हणलं होतं. पण कोणत्या तोंडानं? पुढचा उन्हाळाही त्यांनी ओट्यावरच काढला.

मंग माझ्या लेकीनं त्यांना मोबाइलवर गुडघ्यांचे व्हिडिओ लावून दिले. त्यात त्यांच्याच वयाची एक बाई टणाटण चालून राह्यली होती. झालं! शेजारणीला घेतलं, जीपनं जालना गाठलं, दोन दवाखाने पालथे घातले. आजवर किती गुडघे केले? बिघडला तर कोण बघणार? — डॉक्टरला तोंडावर विचारलं म्हणे. जो पटला त्याच्याकडून ऑपरेशन करून घेतलं. आता अशा चालतात की मलाच मागं पळावं लागतं.

एक दिवस त्यांनी मला मोबाइल घ्यायला लावला. "ऑपरेशन जमत न्हाई म्हन्ला त्या पहिल्या डॉक्टरला एक स्टार दे. लिही, म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगतो. दुसरं कुणी फसाया नको."

तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं ना? आई मी आणलेली शाल पांघरून समोर बसल्त्या. मी लिहिलं. शुद्धलेखनसुद्धा तपासलं — मास्तरीण ना!

आता विहारात बायका आईंना गुडघ्यांचं विचारायला येतात. "डॉक्टरला विचारायचं मला सुनेनं शिकवलं," असं त्या सगळ्यांना सांगतात, माझ्या पाठीवर थाप मारतात, आणि त्या डॉक्टरकडं चुकूनही जाऊ नका म्हणून बजावतात. मी मान डोलावते.

खोटं तो बोलला न्हाई. मी बोलले. आई ओट्यावर बसून राह्यल्या त्या माझ्यामुळं. आणि तो एक स्टार अजून तसाच आहे, खाली माझं नाव.