कमांडरमावशी आणि पिंपराव

पडद्यावर यानाला हादरा बसला की कमांडरमावशी सोफ्यावर डावीकडे कलायच्या. आम्हालाही कलावं लागे, हातात चहाचा कप असला तरी. "यानात बसलास ना? मग हल की!" त्यामुळे मुलुंडच्या त्यांच्या घरातल्या सोफ्याच्या डाव्या कडेवर इतके डाग पडले होते, की त्याचा मूळ रंग कोणता यावर बिल्डिंगमध्ये वाद होता.

मावशी मूळच्या अकोल्याच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. अवकाशातले बंद पडलेले दिवे दुरुस्त करत फिरणाऱ्या एका यानाची परदेशी मालिका हिंदीत डब होऊन कित्येक वर्षं चालली होती. मावशींनी तिचा एकही भाग सोडला नव्हता, म्हणून बिल्डिंगमध्ये त्या कमांडरमावशी. दर रविवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच शेजारी त्यांच्याकडे जमायचो. कोणी सेटला हसलं की त्या भडकत. "खडक थर्माकोलचा आहे, दिसतंय मला. जयंतीच्या देखाव्याला हात जोडताना थर्माकोल आठवतो का रे तुला?" यानातल्या वायरलेसवर मात्र त्यांचाही विश्वास नव्हता. "दुसऱ्या ग्रहावरून लाइन इतकी साफ? आमच्या वेळी इथून दहिसर लागायचं नाही!"

त्यांचा लाडका म्हणजे त्या यानातला यंत्रमानव. पाण्याच्या पिंपासारखा, मुका, नुसती मान वळवून होकार-नकार देणारा. मावशींनी त्याचं नाव पिंपराव ठेवलं होतं.

पुढे मावशींची नजर गेली. टीव्ही बंद झाला नाही. दिसेल ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी स्वभावानेच अपराधी माणूस. लिफ्ट अडकली तरी मला माझ्या वजनाची लाज वाटते. त्यामुळे मी सगळं इमानाने सांगायचो. एका रविवारी यान वाचवायला पिंपरावाने बाहेरून दार लावून घेतलं आणि तो जळून गेला. अर्थात, एक शब्द न बोलता.

"काय झालं रे?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. पिंपराव मागे राहिलाय. एका दिव्याचं काम निघालंय."

त्यानंतर दर रविवारी मावशी पिंपरावाची चौकशी करत, आणि मी खऱ्या भागात माझा एक तुकडा घुसवून देई. वाटेत धूमकेतू आडवा आला, पिंपरावाने पाना मारून तो वळवला, असलं काहीतरी. बाकीचे माना खाली घालून चहा पीत. नजर गेलेल्या बाईला मी फसवत होतो. मला जेवण जाईना. शेवटी एकदा डझनभर केळी घेऊन गेलो आणि म्हणालो, "मावशी, पिंपराव गेला. केव्हाच."

"मला त्याच दिवशी कळलं. तुमचे सगळ्यांचे चहाचे भुरके एकदम थांबले."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांच्या लेखकांनी मारला, तू जगवलास. मी कशाला मधे पडू?" केळं सोलत त्या म्हणाल्या. "पण धूमकेतू पान्याने वळत नाही हं, प्रकाश. जरा अभ्यास करत जा."

गेल्या वर्षी भाची त्यांना अकोल्याला घेऊन गेली. एकटीने आता निभणार नव्हतं. मालिकेत नवा, बडबड्या यंत्रमानव आलाय. रविवारी मावशींचा फोन येतो, पण त्याचं नावही त्या काढत नाहीत. "आपल्याचं सांग." परवा मी पिंपरावाचं लग्न ठरवलं, शेजारच्या यानातल्या एका यंत्राशी. मावशींनी स्थळाची बारीक चौकशी केली. मग म्हणाल्या, "राहणार कुठे रे दोघं? अवकाशात काय ठेवलंय? मुलुंडला आण त्यांना."

आणि फोन ठेवता ठेवता, "माझं घर रिकामंच आहे की."