बुटांच्या दुकानातलं स्टूल

तिला सगळे शटर म्हणत. गोलपुढे उभी राहिली की धाडकन खाली येते आणि पलीकडे काही जाऊ देत नाही, म्हणून मैदानावर पडलेलं हे नाव. पुढे ते चालत घरापर्यंत आलं. आईसुद्धा "शटर, कपडे वाळलेत का बघ" म्हणायला लागली, तेव्हा तिने विरोध सोडून दिला.

गेल्या तीन सामन्यांत मात्र हे शटर डावीकडून अर्धवट उघडं राहत होतं. उजवीकडचा चेंडू ती मांजरीसारखी झेप घेऊन धरायची. डावीकडून जमिनीलगत आलेला चेंडू, तोही उत्तरार्धातला, हमखास आत जायचा, आणि सुटलेल्या बसमागे माणूस धावतो तशी ती त्याच्यामागे जायची.

संघातल्या मुलींच्या शर्टांवर बुटांच्या एका दुकानाचं नाव होतं. शर्ट दुकानाच्या शेठनी दिले होते, आणि त्या दिवसापासून त्यांना फुटबॉलमधलं सगळं कळायला लागलं होतं. तिसरा सामना संपल्यावर ते थेट गोलपाशी आले.

"पाय कुठे ठेवून आलीस गं? रविवारी फायनल आहे. जमत नसेल तर आत्ताच सांग. बाहेरची एक गोली आहे माझ्या नजरेत, शब्द टाकला की येईल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय कुठे होते हे शेठनी तरी विचारायला नको होतं. पाय त्यांच्याच दुकानात होते. रविवार सोडला तर रोज सकाळपासून ऊन उतरेपर्यंत शटर तिथेच नोकरी करायची.

गिऱ्हाईक बाकावर टेकलं की तिने उजवा गुडघा फरशीवर टेकायचा, बूट चढवायचा, अंगठा कुठवर येतो ते चाचपायचं. "जरा घट्टच वाटतोय" असं आलं की उठायचं, आतल्या खोलीत शिडी चढून दुसरा खोका काढायचा आणि पुन्हा फरशी. मग गिऱ्हाईक म्हणणार, "पहिलाच बरा होता." बसायची सोय नव्हती असं नाही. शेठच्या वडिलांच्या काळातलं एक बुटकं स्टूल होतं, पुढे गिऱ्हाईकाचा पाय ठेवायला उतरती फळी असलेलं. त्यावर आता टेबलफॅन बसायचा. वारा शेठकडे. "विकणारी बसली की दुकान बसलं," असं शेठ स्वतःच्या गादीच्या खुर्चीत बसून सांगायचे.

सोमवारी संध्याकाळी कोचबाईंनी तिला एकटीला थांबवून घेतलं. बाई एकेकाळच्या गोलकीपर. एक गुडघा असा वाजायचा की बाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. त्यांच्या सरावात हातमोज्यांचं कौतुक नव्हतं. जमिनीवर पसरलेल्या दोरीच्या शिडीतून भरभर पाय टाकायचे, लाकडी खोक्यावर उडी मारून आवाज न करता उतरायचं, गुडघे वाकवून बाजूला सरकायचं आणि सरकताना पायावर पाय येऊ द्यायचा नाही. "वाहवा हातांची होते," त्या म्हणायच्या, "पण हातांना तिथे नेतं कोण?"

त्यांनी चुन्याची रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना झेपा मारायला लावल्या. उजव्या पायाच्या रेट्याने ती रेघेपलीकडे पडली. डाव्याच्या रेट्याने वीतभर अलीकडे.

"दिवसभर दुकानात काय करतेस? करून दाखव."

तिने गुडघा टेकून बाईंच्याच पायात बूट चढवल्यासारखं केलं आणि उठली.

"पुन्हा."

पुन्हा केलं.

"बघ, दर वेळी उठतेस ती डाव्यावर जोर देऊन. उजवा पाय माझ्याकडे सरावाला येतो, डावा दुकानातच राहतो."

"एवढ्या उठाबशा काढून तो उलट दणकट व्हायला पाहिजे ना, बाई?"

"राबून पाय झिजतो. दणकट होतो तो व्यायामानंतर आराम मिळाला तर. एवढा आठवडा त्याला आराम दे. बसून काम कर. दुकानात साधं स्टूल नाही?"

स्टूल आहे, पण ते पंख्याचं आहे, हे सांगायची शटरला लाज वाटली. मग घरी जाताना तिच्या लक्षात आलं की लाज वाटायला हवी होती ती भलत्याच माणसाला.

आई चादरीच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, "आमच्या शाळेत उठाबशा शिक्षा म्हणून असायच्या. तू दिवसा पगारावर काढतेस आणि संध्याकाळी हौसेने." चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात देत पुढे म्हणाली, "माग की स्टूल."

"मागच्या वर्षी मागितलं होतं. दुकान बसतं म्हणाले."

"मग आता मागू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त बसकंडक्टर होते. शटरने पंखा उचलून खाली ठेवला, स्टूल ओढलं, फडक्याने पुसलं आणि त्यावर बसली. काकांचा पाय उतरत्या फळीवर घेतला.

"ए, उठ," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईकासमोर बरं दिसतं का ते?"

"काका, तुम्हाला वाईट दिसतंय?"

"मला? अख्खी नोकरी उभ्याने केली मी, पोरी. कोणी बसलेलं दिसलं की बरंच वाटतं." काकांनी पायाची बोटं हलवली. "हा जरा घट्टच वाटतोय."

"रविवारी दुसरी गोली उभी करीन हं," शेठनी आवाज चढवला.

"करा. पण परवा पाय कुठे ठेवून आलीस म्हणून विचारत होतात, ते इथेच होते, शेठ. या फरशीवर. तुमचं नाव पाठीवर घेऊन मी ज्या पायांनी उडी मारते, ते तुम्हीच दिवसभर वापरून संपवता आणि वर मलाच जाब विचारता."

शेठनी काकांकडे पाहिलं. काका बुटाच्या तळव्यात काहीतरी शोधत होते. "रविवारपर्यंत," शेठ पुटपुटले. "फक्त."

रविवारी उत्तरार्धात तो चेंडू आलाच. डावीकडून, गवत कापत. शटरने डावा पाय रेटला आणि या वेळी पाय जागेवर होता. चेंडू बोटांना लागून खांबावर आदळला आणि बाहेर गेला. मुलींनी सामना एका गोलने जिंकला. शेठनी कपाबरोबर फोटो काढून घेतला, कपाच्या अगदी जवळून.

सोमवारी ती दुकानात शिरली तेव्हा शेठ एका बाईंना रंगवून सांगत होते, "आमची गोली! पाय आहेत की स्प्रिंगा! सगळी आपल्याच दुकानाची तयारी."

स्टूलवर पंखा होता. वारा शेठकडे.

शटरने चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली. पंख्याचं बटण बंद केलं, दोन्ही हातांनी पंखा उचलला आणि नेऊन शेठच्या गल्ल्यावर, कपाच्या शेजारी ठेवला. मग स्टूल ओढून बसली.

"या ताई," ती त्या बाईंना म्हणाली, "पाय ठेवा इथे."