उरलेले टाइमआउट

उत्तरा वैरागडेला वस्तू जपून ठेवायचा भारी सोस. अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलर गावात तिच्या घरी जाऊन बघा. भेट मिळालेल्या मेणबत्त्या अजून वेष्टनात, जेवणाच्या खुर्च्यांवरचं दुकानातलं प्लास्टिक परवापरवापर्यंत तसंच, आणि श्रीखंडाचे रिकामे डबे तर विचारूच नका. "लागेल कधीतरी," हे बाईंचं पालुपद. ते कधीतरी चौदा वर्षांत उगवलं नाही, तरी हिचा धीर काही सुटला नाही.

ही बाई एका कम्युनिटी कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमची हेड कोच आहे. मराठी मंडळातल्या कांचनकाकूंच्या हे अजून पचनी पडलेलं नाही. "अगं पण उत्तरा, जॉब कधी बघणार?" असं त्या दर गणपतीत विचारतात, आणि उत्तरा दर गणपतीत "बघू काकू" म्हणत त्यांच्या पानात अजून एक मोदक वाढते.

नागपूरला ती विद्यापीठाच्या टीममध्ये होती. सराव करायची त्या क्लबचं मैदान सिमेंटचं आणि कातडी बॉल अख्ख्या क्लबात एकच. तो तिथले कोच मनोहर सर यांच्या कपाटात कुलपात. फक्त मॅचच्या दिवशी बाहेर यायचा, सराव सगळा रबरी बॉलवर. मॅचला तो कातडी बॉल हातात आला की पहिली पाच मिनिटं सगळ्या पोरींचे नेम चुकायचे. तरी सरांनी तो सरावाला कधी दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही. चांगली वस्तू अशीच ठेवायची असते, असं सगळ्यांना वाटायचं.

लग्न करून अमेरिकेत आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करायची सोय नव्हती. नवरा चंद्रशेखर दिवसभर चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि ही उन्हाला घाबरून पडदे ओढून घरात. वर्षभर असं काढलं. मग एक दिवस तिचं तिलाच असह्य झालं. उठली, कॉलेजच्या जिममध्ये गेली आणि म्हणाली, पैसे नकोत, काहीतरी काम द्या. त्यांनी तिला स्कोअर लिहायला बसवलं. पुढे कामाचा परवाना आला तशी ती पगारी सहायक कोच झाली. आठ वर्षं मुलींना बचाव शिकवला, बसमध्ये त्यांची रडगाणी ऐकली, कुणाच्या गणिताच्या परीक्षेसाठी सराव पुढे ढकलला. गेल्या ऑगस्टमध्ये जुनी कोच मोठ्या कॉलेजात निघून गेली आणि तिची खुर्ची उत्तराला मिळाली. पण हंगामी.

क्रीडाप्रमुख डॉसन हा माणूस आडपडदा न ठेवणारा. तो म्हणाला, "टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला गेली तर मी तुझं नाव कायम करून घेतो. नाही गेली तर मला जाहिरात द्यावी लागेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

उत्तराला ही नोकरी किती हवी होती ते तिने कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी जिमचं दार उघडताना तो लाकडाचा आणि घामाचा वास आला की तिला वाटायचं, आपण इथल्याच आहोत. एवढं तिला या देशात दुसरीकडे कुठेही वाटलं नव्हतं.

आता गोम कुठे होती ते सांगते. तिच्या लीगमध्ये कोचला एका मॅचमध्ये पाच टाइमआउट मिळत. खेळ थांबवायचा, मुलींना जवळ बोलवायचं, दोन शब्द सांगायचे. पाच संपले की संपले, आणि वापरले नाहीत तर मॅचबरोबर वाया जातात. उत्तराचा हात त्यासाठी वर जाईचना. मुली गोंधळल्या तरी ही ओठ दाबून उभी. शेवटच्या मिनिटाला लागतील म्हणून राखून ठेवायची, आणि शेवटचं मिनिट यायच्या आत मॅच हातातून गेलेली असायची. जानेवारीत अशा चार मॅच ओळीने गेल्या, त्याही दोन-तीन गुणांनी.

शेखर प्रत्येक मॅचला वही घेऊन बसायचा. इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय त्याला चैन कुठली.

"आज तीन उरले," चौथ्या पराभवानंतर गाडीत तो म्हणाला. "घरी नेतेयस का? श्रीखंडाचे डबे आहेतच आपल्याकडे."

"आणि शेवटी लागले असते म्हणजे?"

"शेवट येऊन गेला ना गं."

खरं बोलणाऱ्या नवऱ्याचा येतो तसा राग आला तिला, आणि तो दोन दिवस टिकला.

फेब्रुवारीत गाडी कशीबशी रुळावर आली आणि सगळं शेवटच्या मॅचवर येऊन ठेपलं. जिंकली तर प्लेऑफ, हरली तर जाहिरात. आदल्या संध्याकाळी तिने बाराही मुलींना घरी जेवायला बोलावलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर. पाहुणे आले की कागदी प्लेट, हा घरचा शिरस्ता. आणि नेमक्या त्या दिवशी शेखर त्या आणायला विसरला.

"गॅरेजमधला तो सेट काढू?" त्याने भीतभीतच विचारलं.

तो म्हणजे उत्तराच्या आईने, नंदाताईंनी, नागपूरहून निघताना दिलेला. निळ्या काठाच्या बारा काचेच्या प्लेट. आईने स्वतः चिकटवलेली खाकी पट्टी खोक्यावर जशीच्या तशी. उत्तरा नाहीच म्हणणार होती, पण बाहेर बारा भुकेल्या पोरी बसलेल्या. तिने कात्री घेतली.

वरच्या आठ प्लेट धड होत्या. खालच्या चार फुटलेल्या. चौदा वर्षांपूर्वी विमानातच कधीतरी फुटल्या असणार.

उत्तरा गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून बसली आणि ते तुकडे बघत राहिली. आधी डोळ्यांत पाणी आलं, मग हसूच फुटलं. चौदा वर्षं आपण फुटक्या प्लेट सांभाळल्या. शेखरला कळेना, हिला धरावं की हसू द्यावं.

आठ जणी त्या प्लेटमध्ये जेवल्या, उरलेल्या चौघी स्टीलच्या ताटांत. ताटं कुणाला मिळणार यावरून चांगलंच भांडण झालं. सगळ्यांनाच ताट हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅच सुरू होऊन तीन मिनिटं होतात न होतात तोच उंच, लाजाळू ब्रियानाच्या हातून लागोपाठ दोनदा बॉल निसटला. तिचे खांदे पडले. उत्तराने हात वर केला. टाइमआउट. प्रेक्षकांत शेखरच्या हातातलं पेन थबकलं.

"पाणी पी," ती ब्रियानाला म्हणाली. "माझ्याकडे बघ. पुढचा बॉल तुलाच येणार आहे." बस, एवढंच.

दुसरा टाइमआउट मुली धापा टाकायला लागल्या तेव्हा. तिसरा, कॅप्टन मरिसोल पंचांशी हुज्जत घालायला निघाली तेव्हा. चौथा मध्यंतरानंतर. पाचवा गेला तेव्हा पाच मिनिटं बाकी होती आणि टीम सात गुणांनी मागे.

"कोच, आता तुमच्याकडे एकही नाही," पंच येऊन सांगून गेला.

"माहीत आहे," उत्तरा मराठीतच पुटपुटली.

मुलींनी सात गुणांची तूट भरून काढली. पण अकरा सेकंद उरले असताना समोरच्या टीमला दोन फ्री थ्रो, म्हणजे मोकळे नेम, मिळाले. पहिला आत गेला आणि उत्तराची टीम एका गुणाने मागे पडली. याच मिनिटासाठी तर तिने आयुष्यभर सगळं राखून ठेवलं होतं, आणि आज हात रिकामे. ओरडावं तरी त्या गोंगाटात ऐकू कुणाला जाणार.

दुसऱ्या फ्री थ्रोआधी मरिसोलने चौघींना मैदानाच्या मध्यावर बोलावलं. डोक्याला डोकी लागली. मरिसोल काहीतरी म्हणाली. ब्रियाना चक्क हसली.

दुसरा नेम चुकला. ब्रियानाने उसळलेला बॉल पकडून मरिसोलला दिला. ती सुसाट पुढे गेली, दोघी तिच्या अंगावर आल्या, आणि तिने मागून धावत येणाऱ्या ब्रियानाकडे बॉल टाकला. पुढचा बॉल तुलाच येणार आहे, असं तिला सांगितलेलंच होतं. ब्रियानाने तो शांतपणे आत टाकला. भोंगा वाजला.

डॉसनने जाहिरात काढली नाही. दाराच्या पाटीवरचा 'हंगामी' हा शब्द मार्चमध्ये गेला. पण उत्तरा ही गोष्ट सांगते तेव्हा पाटीपर्यंत पोचतच नाही, मरिसोलपाशीच थांबते. त्या संध्याकाळी जिम रिकामं झाल्यावर तिने मरिसोलला गाठून विचारलं होतं, "तिथे मध्यावर तू त्यांना काय सांगितलंस? कुठली चाल?"

"चाल नाही, कोच," बुटाची नाडी सोडवत मरिसोल म्हणाली. "मी म्हटलं, कोचने सगळे टाइमआउट आपल्यावर खर्च केलेत. स्वतःसाठी एकही ठेवला नाही."