दुसऱ्या पाण्याची झाडं

सुशीलाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते सावंगीच्या दवाखान्यात, मार्च संपता संपता. मी माझे डोळे दाखवायला गेलो होतो. औषधांच्या रांगेत त्यांचा मुलगा दिसला, म्हणून वॉर्डात डोकावलो. खास त्यांना भेटायला गेलो होतो असं म्हणायला जीभ वळत नाही. आमच्या शाळेत चौदा वर्षं पोरांची खिचडी शिजवणारी ही बाई खाटेवर एवढीशी झाली होती. मी तब्येतीचं विचारलं, तर तो प्रश्न त्यांनी बाजूलाच सारला. "गुरुजी, झाडायले पानी कोन देऊन राह्यलं?" मी म्हणालो, "गावातली पोरं देतात ना. तुम्ही काळजी करू नका." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "बरं जी," म्हणाल्या आणि डोळे मिटले. शाळेला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती आणि त्या दिवसापासून मी तिकडे एकदाही फिरकलो नव्हतो. बारा दिवसांनी मुलाचा फोन आला... आई गेली.

केळझरहून आत, टेकडीच्या पायथ्याशी आमची शाळा. मी तिथला मुख्याध्यापक. दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा आदेश यायचा, मागोमाग टेम्पोतून गुलमोहराची रोपं यायची. आम्ही ती लावायचो, फोटो काढून वर पाठवायचो आणि दिवाळीपर्यंत बकऱ्या ती फस्त करायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच खड्डे. माझी काही तक्रार नव्हती, फोटो वेळेवर गेला की माझं काम संपायचं. एका वर्षी सुशीलाबाई हातातला झारा तसाच घेऊन मैदानात आल्या. "गुरुजी, हे काऊन लावता? सावलीनं पोट भरते का?" लहानपणी मागच्या टेकडीवरून त्या आईबरोबर टोपलीभर टेंभरं आणि जांभळं आणायच्या. आता टेकडी बोडकी झाली होती. काही लाकूड ठेकेदारांनी नेलं, काही चुलीत गेलं. "वर वांदरालेबी खाले काई नाई उरलं. म्हनून ते आपल्या घराच्या कवेलूवर येऊन राह्यले," असं त्या म्हणायच्या. त्यांनी पोरांना सांगितलं, जे फळ खाल त्याची बी खिशात घालून आणा. जांभूळ, सीताफळ, कवठ, गावठी आंबा... पोरांचे खिसे चिकट झाले म्हणून आया माझ्याशी भांडायला आल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं तयार झाली आणि शाळेच्या मागे टेकडीच्या कडेनं लागली. एका पोराला एक झाड.

पाण्याचं कठीण होतं. फेब्रुवारीत बोरिंगचा दांडा हात दुखेस्तोवर हलवावा, तेव्हा बादली भरायची. सुशीलाबाईंनी ठरवलं, जेवणानंतर ज्याने त्याने आपली थाळी आपल्या झाडापाशी धुवायची. पहिल्याच हिवाळ्यात खिचडीच्या तेल-मिठानं रोपं करपली, बुडाशी मुंग्यांनी घर केलं. मी म्हणालो, "मी आधीच म्हणत होतो." खरं तर मी काहीच म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम बदलला. थाळीचं पहिलं पाणी बादलीत, ते म्हशीला. दुसरं, नितळ पाणी झाडाला. पोरं रोज ओरडायची, "पैलं म्हशीले, दुसरं झाडाले!" आणि सुशीलाबाई झारा घेऊन राखण करत उभ्या. चौथीचं पोर शाळा सोडताना पहिलीतल्या पोराचा हात आपल्या झाडावर ठेवून सांगायचं, "हे आता तुयं." सांगताना कितीजण रडायचे.

मास्तरांचं मात्र वेगळं होतं. मी रोज तीच खिचडी खायचो, पण हात धुवायला मला ऑफिसच्या दाराशी तांब्या मिळायचा. इतक्या वर्षांत मी एकदाही झाडापाशी हात धुतला नाही, आणि त्यांनीही मला कधी म्हटलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं नसत. तेव्हा त्या एकट्या पाण्याचे दोन गुंड घेऊन रोज खेपा घालायच्या आणि मी वर्ध्याला कूलरपुढे झोपलेला असायचो. एका मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला जाताना त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचं काही मागितलं. "आठच दिवस येजा जी गुरुजी." मी दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी ऊन बघून परत आडवा झालो. सात झाडं वाळली. त्या आल्यावर मी म्हणालो, "पाणी घातलं होतं हो, पण ऊनच तसं होतं." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "बरं जी," म्हणाल्या. वाळलेल्या काड्या उपटल्या आणि शाळा उघडली त्या दिवशी त्याच काड्यांवर चूल पेटवली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे पोरं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी नऊ उरली आणि एकेकाच्या वाट्याला तीन-चार झाडं आली. मग ती नऊही मोठ्या गावच्या शाळेत गेली. मी निवृत्त झालो. त्या मात्र आजारी पडेपर्यंत पाणी देत होत्या, हे मला त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात कळलं.

त्या दिवशी तिथूनच शाळेच्या मागे गेलो. लहान झाडांच्या काड्या झाल्या होत्या. जुनी उभी होती: दोन जांभळं, सीताफळाचं एक बेट आणि टेकडीकडे कललेला एक आंबा.

आता दीड महिना झाला, मी आठवड्यातून तीनदा जातो. वर्ध्याहून बस, केळझरहून ऑटो. यात काही मोठेपणा नाही. गुडघे दुखतात, ऊन सोसत नाही, आणि असे किती उन्हाळे जमेल कोण जाणे. त्यांच्या थंड चुलीपाशी बसून डबा खातो. पहिल्या दिवशी खाऊन उठलो तर पाय सवयीनं ऑफिसच्या दाराकडे वळले. दाराला कुलूप होतं... मग मागे गेलो.

डब्याचं पहिलं पाणी कुणाच्या तरी गाईपुढे ठेवतो, दुसरं आंब्याला घालतो. ते "बरं जी" दोन्ही वेळा एकाच आवाजात होतं, हे मला इथे डबा धुताना आठवलं. मी खोटं बोलतोय हे त्यांना सावंगीतही कळलं होतं. डब्यात पाणी राहतं ते किती? आंब्याच्या बुडाशी ते पुरत नाही. मी पुन्हा बोरिंगवर जातो.