वडेमाळेचं तेल

८ जानेवारीच्या पहाटे दीडशे माणसांचा नाश्ता टेम्पोत चढवला आणि टेम्पो सुरूच होईना. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या मॅनेजरने बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर दुसरं कुणी बघू. माझ्यासह पाच बायकांच्या चुली त्या एका कामावर पेटतात.

चूक माझीच. टेम्पो तळणीच्या जुन्या तेलावर चालतो. थोडं माझ्या कढईतलं, बाकीचं यशवंतपुरातल्या मारुतीच्या देवळातलं. इथे मारुतीच्या गळ्यात वड्यांची माळ घालतात, ते वडे तिथेच तळतात. ते गाळून टेम्पोच्या दुसऱ्या टाकीत भरते, पहिलीत डिझेल. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, तापलं की तेलावर घ्यायचं, बंद करण्याआधी थोडा वेळ पुन्हा डिझेलवर, म्हणजे नळीत तेल राहत नाही. आदल्या संध्याकाळी देवळातून डबे उचलताना पुजारी म्हणाले, "अक्का, स्वल्प बसा, प्रसाद घ्या." मी म्हटलं, "देवाला वेळ आहे, मला नाही." त्याच घाईत घरी आल्यावर डिझेलवर न घेताच इंजिन बंद केलं. थंडीने तेल नळीत थिजलं.

बोलले त्याची शिक्षा, असं वाटलं. मग वाटलं, मारुतीला दुसरी कामं नाहीत? तरी बॉनेटवर हात ठेवून म्हणालेच, आता तूच बघ.

फुलांची टोपली घेतलेली एक अनोळखी म्हातारी थांबली. नळी चिमटीत दाबून कानडीत म्हणाली, "खोबरेल गोठलं की केसांना लावायचं सोडतेस का? गरम पाणी ओत." आणि चालू पडली.

इडलीच्या भांड्यातलं पाणी अजून वाफाळत होतं. नळीला आणि फिल्टरला फडकी गुंडाळून तेच ओतलं. चौथ्या खेपेला इंजिन सुरू झालं. शिफ्टच्या भोंग्याआधी पोचले.

गरम पाण्याने तेल वितळतं, यात चमत्कार नाही. पण पंधरा वर्षं इडल्या उकडणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं. सगळं माझ्याच हातात आहे, हे धरून बसले होते. 'तूच बघ' म्हणून हात सोडला तेव्हा पाणी दिसलं. त्या बाईचे आभार मानायचे राहिले. ती पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्ता पोचवून देवळापाशी आले. इंजिन डिझेलवर घेतलं, पाच मिनिटं चालू दिलं, मग बंद केलं. पुजाऱ्यांनी विचारलं, "आज वेळ आहे वाटतं?"

"सरी, बरं, द्या प्रसाद," म्हटलं. पायरीवर बसून वडा खाल्ला आणि मग डबे उचलले.