रिकामी प्लेट

मंगळवारी सकाळी दहाला फोन आला. मॅडम गेल्या. मी तेव्हा प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचं आगर प्लेटमध्ये ओतत होते. फोन ठेवला आणि बाटलीतलं आगर संपेपर्यंत प्लेट ओतत राहिले. थांबले असते तर ते बाटलीतच गोठलं असतं.

हे त्यांनीच शिकवलेलं होतं.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले तेव्हा माझं बरंचसं जीवशास्त्र पुस्तकातलं होतं. उचगावहून केएमटीच्या बसमध्ये वाचत यायचं आणि वाचत जायचं, एवढाच माझा अनुभव. मॅडम मूळच्या गडहिंग्लजकडच्या. वर्गात इंग्रजीत शिकवायच्या, पण प्रयोगशाळेचं दार ओढलं की गावची बोली सुरू. तिकडच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल ‘येतो’, ‘जातो’ म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “या पावणं. हात धुतलासा का?”

मला वाटलं, नवीन आहे म्हणून. नंतर कळलं, ती तिथली रीत होती. जिवाणूत नवं जनुक घालायचं आणि ते खरोखर आत गेलंय हे प्लेटवर दाखवायचं. ते जमेपर्यंत प्रत्येक विद्यार्थी पाहुणा. जमलं की मॅडम नावानं हाक मारणार. तोवर आमच्या नळ्यांच्या झाकणांवरही त्या आमची आद्याक्षरं लिहू देत नसत. स्वतः मार्कर घेऊन ‘पा.’ लिहायच्या.

माझं काम असं होतं: पाण्यात तांबं असलं तर गुलाबी होईल असा जिवाणू तयार करायचा. नदीचं पाणी तपासायला पुढेमागे उपयोगी पडेल, एवढीच आशा. ज्यांच्यात जनुक गेलंय तेच जिवाणू जगावेत म्हणून आगरमध्ये प्रतिजैविक घालतात. आम्ही त्याला नुसतं औषध म्हणायचो. सोबत आणखी एक प्लेट असते. तिच्यावर जनुक न दिलेले जिवाणू पसरायचे. औषधानं ते मेले पाहिजेत आणि प्लेट रिकामी राहिली पाहिजे.

माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला तिसऱ्या महिन्यात नाव मिळालं. त्या दिवशी तो कारण नसताना चार वेळा मॅडमच्या टेबलापाशी जाऊन आला, नुसती हाक ऐकायला.

मग एका सकाळी माझी प्लेट जिवाणूंच्या ठिपक्यांनी, म्हणजे वसाहतींनी, गच्च भरलेली दिसली. मी कुणाला काही न विचारता वडिलांना फोन केला. ते नृसिंहवाडीला गेले होते, येताना पेढे घेऊन आले. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून बाहेरच्या व्हरांड्यात बॉक्स उघडला. मॅडमनी दोन पेढे सावकाश खाल्ले.

“पेढा झ्याक हाय,” रुमालाला बोटं पुसत त्या म्हणाल्या. “आता रिकामी दाखव.”

रिकामी मी बघितलीच नव्हती. आम्ही आत गेलो. काढली. तीही तितकीच गच्च भरलेली.

“औषध कधी घातलंस?”

“आगर उकळून काढल्यावर.”

“गार झालं हुतं?”

“जरा गरम होतं.”

“जरा! अगं, औषध शिजवलंस की तू. आमटी हाय व्हय ही, फोडणी पडली की झाली?”

तो मुलगा दाराबाहेरच पेढा तोंडात ठेवून हसला. मॅडम त्याच्याकडे वळल्या. “तू काय हसतोस रं? तुझी आमटी दोनदा झालती.” मग त्यांनी माझं मनगट धरलं, उलटं केलं आणि नव्या आगरची बाटली त्यावर टेकवली. “बाळाचं दूध बघत्यात तसं. चटका बसला तर थांबायचं. घाई कशाची हाय? आणि राहिल्यालं पेढं हिकडं ठेव.”

तेव्हापासून मी आधी रिकामी प्लेट बघते.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दोन-तीनदा सांगितली. जिवाणू उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवतात. लागतील तेव्हा नळी बाहेर काढून वितळवायची नाही. वितळवून पुन्हा गोठवलं की दर वेळी त्यातले काही मरतात. काडीच्या टोकानं वरून जरासं खरवडायचं आणि नळी लगेच परत ठेवायची. “येवढंसं पुरतं,” त्या म्हणायच्या. “जित्तं हाय ते. वाढतंय की.”

माझी प्लेट जमली तेव्हा मॅडम दवाखान्यात होत्या. रिकामी प्लेट स्वच्छ होती, आणि तांबं घातलेल्या दुसरीवर अकरा वसाहती, फिकट गुलाबी. मी फोन केला.

“रिकामी बघितलीस?”

“दोनदा.”

“बरं.”

“फोटो पाठवू का, मॅडम?”

“फोटोत मी बी बरी दिसतो. प्लेट बघितल्याबिगर नाव घ्यायचो न्हाय.”

“मग घेऊन येते ना दवाखान्यात.”

“गप. जित्तं काय लॅबच्या भाईर न्ह्यायचं न्हाय, कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच.”

“मग? फ्रीजात ठेव. सोमवारी येतो की मी. तवर पावणंच तू.”

मी दोन्ही प्लेट कडेनं पट्टी लावून फ्रीजमध्ये ठेवल्या. सोमवारी डॉक्टरांनी त्यांना सोडलं नाही. मंगळवारी तो फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर मी एक गुलाबी वसाहत उचलली, रात्रभर वाढवली, ग्लिसरॉल घालून नळी भरली. झाकणावर काय लिहायचं हे ठरवायला मला वेळ लागला. माझी आद्याक्षरं लिहायला आता कुणाची हरकत नव्हती. मी ‘पा.’ लिहिलं. माझं अक्षर त्यांच्यासारखं गोल येत नाही. प्लेट मात्र आणखी काही आठवडे तशाच राहू दिल्या. नियमानं त्या नष्ट करायला हव्या होत्या. वसाहतींचा रंग उतरला, आगर आकसलं, तेव्हा दोन्ही वाफेनं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या पिशवीत घातल्या.

आता त्याच प्रयोगशाळेत मी नव्या विद्यार्थ्यांना हाताचं काम शिकवते. सुरुवातीला एकदोघांना पावणं म्हणून बघितलं, पण ते माझ्या तोंडी बसेना. मी त्यांना पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारते. आगरची बाटली मनगटावर टेकवायला लावते. पेढे आणले तर आधी रिकामी मागते.

गेल्या आठवड्यात नव्या मुलीनं त्या ‘पा.’ लिहिलेल्या नळीतून थोडं खरवडून घेतलं आणि झाकण लावून लगेच परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या तांबं घातलेल्या प्लेटवर गुलाबी वसाहती आल्या. रिकामी स्वच्छ होती.

नळी दुसऱ्या कप्प्यात आहे. तिच्यात अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.